टाचदुखी, खांदेदुखी आणि ‘शॉक’चा उपचार



लागणीपासून तोडीपर्यंत आपले काम उभ्याने आणि हाताने चालते. सकाळी पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ, कोयता धरताना कोपरात चमक, खांदा वर न जाणे ही दुखणी घरोघर आहेत. आपल्यातले एक सभासद पनवेलला मुलाकडे गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी टाचेला ‘शॉकवेव्ह’ सुचवले. ‘शॉक’ म्हटल्यावर हे तसेच माघारी आले! म्हणून हा खुलासा.

हा विजेचा धक्का नव्हे. यंत्राच्या मुठीतून दाबाच्या लहरी ठोक्याठोक्याने दुखऱ्या जागी सोडतात. अशाच लहरींनी १९८० साली जर्मनीत म्युनिक येथे माणसाचा मुतखडा प्रथम शस्त्रक्रियेविना फोडला. पुढे त्या जुनाट दुखण्यांवर वापरात आल्या. खोडव्याच्या बगला फोडल्या की जुनी मुळं तुटून नवी फुटतात, थोडंफार तसंच हे. भरून येण्याचे थंडावलेले काम ठोक्यांनी पुन्हा सुरू होते, असे मानतात.

एक बैठक १०-१५ मिनिटांची. आठवड्याच्या अंतराने साधारण ३ ते ५ बैठका होतात. ठोके चांगलेच लागतात. एक-दोन दिवस जागा ठणकते. गुण लगेच येत नाही, ६ ते १२ आठवडे धीर धरावा.

जुनाट टाचदुखी आणि कॅल्शियम साठलेला खांदा यांत गुणाची आशा जास्त. कोपराबाबत तितकी खात्री नाही. मात्र आधी विश्रांती, ताणाचे व्यायाम आणि मऊ तळाची चप्पल हे ३ ते ६ महिने नेटाने करावे. बऱ्याच जणांची टाच एवढ्यानेच बरी होते.

गरोदरपणी हा उपचार घेऊ नये. दुखऱ्या जागी गाठ किंवा पू असल्यास, तसेच रक्त लवकर न थांबण्याचा विकार असल्यासही घेऊ नये. चालू गोळ्या आणि नुकतीच घेतलेली इंजेक्शने डॉक्टरांना सांगावीत. आपले सभासद समजूत पटल्यावर पुन्हा गेले, तेव्हा त्यांची रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्याचे निघाले. पहिल्या खेपेला ते बोललेच नव्हते!

ऊसबिलाचा पैसा घामाचा आहे. आगाऊ भरण्याआधी चार गोष्टी विचारा: निदान काय, बैठका किती, एकूण खर्च किती, गुण न आल्यास पुढे काय? भिऊ नका, पण विचारल्याशिवाय राहूही नका.