हातातला जीपीएस आणि पायाखालची वाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलैत हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. गवत गुडघ्याच्या वर आलेलं असतं. मळलेली वाट कुठली आणि ढोरवाट कुठली ते उमगत नाही. कोकणकडा कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज चुकला, तर जिवावर बेततं. अशा वेळी तळहातात मावणारं, नकाशा दाखवणारं जीपीएस यंत्र मोठा आधार देतं. पण ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे आधीच ठाऊक असायला हवं. ट्रेकर मंडळींत हमखास ऐकू येणारे सहा समज म्हणून तपासून पाहू.

गैरसमज 1 : रेंज गेली की जीपीएस बंद पडतं.

वस्तुस्थिती : जीपीएसला मोबाइलचा टॉवरही लागत नाही आणि इंटरनेटही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. संकेत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतं. निदान चार उपग्रह सापडले की आपली जागा आणि उंची ठरते. मोबाइलमधली जीपीएस चिपही हेच करते. रेंज गेल्यावर गायब होतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. तेव्हा परिसराचा नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्यावा.

मग वेगळं यंत्र कशाला? सह्याद्रीतल्या पावसासाठी. भिजलेला टचस्क्रीन ओल्या बोटांना दाद देत नाही. यंत्राला बटणं असतात. अनेक यंत्रं साध्या पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे सॅकमध्ये दोन जादा सेल ठेवले की चार्जिंगची चिंता मिटते. आणि मोबाइलची बॅटरी अडचणीच्या वेळी फोन करण्यासाठी शिल्लक राहते.

गैरसमज 2 : यंत्र सोबत असलं की आपण कुठे आहोत ते इतरांना कळतं.

वस्तुस्थिती : साधं जीपीएस यंत्र फक्त ऐकतं, बोलत नाही. आपण कुठे आहोत हे उपग्रहालाही कळत नसतं. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रं वेगळी असतात आणि त्यांच्याबाबत विशेष जपायला हवं. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा अशी संदेशयंत्रं बाळगता येत नाहीत. ती घेऊन आलेल्या परदेशी पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटनाही घडल्या आहेत. परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवताना ते नेमकं कुठल्या प्रकारचं आहे, हे पाहूनच मागवा.

गैरसमज 3 : पावसाळी ढगांमुळे ठिकाण चुकतं.

वस्तुस्थिती : ढग आणि पाऊस या संकेतांना फारसे अडवत नाहीत. अडवतो तो कातळ. साम्रदजवळच्या सांदण दरीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये आकाशाची चिंचोळी पट्टी उरते. मोजकेच उपग्रह दिसतात आणि त्यांचे संकेतही कातळावर आपटून, लांबचा फेरा घेऊन येतात. संकेताला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी उशीर झाला, तरी अंतरात 300 मीटरची चूक होते. यंत्र अशा कितीतरी चुका गाळतं, पण सगळ्या नाही. मोकळ्या आकाशाखाली खऱ्या जागेपासून पाच-दहा मीटरांत असलेला नकाशावरचा ठिपका दरीत पलीकडच्या भिंतीवर उडी मारू शकतो. अशा जागी ठिपक्याभोवतीचं वर्तुळ किती मोठं झालंय ते पाहा. त्या वर्तुळाच्या आसपास आपण कुठेही असू शकतो.

गैरसमज 4 : नकाशा बारकाईचा आहे, म्हणजे प्रत्येक कडा त्यात असणारच.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक समज. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशांवर लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, साधारणपणे 20 मीटर उंचीचं अंतर असतं. यंत्रांत भरल्या जाणाऱ्या अनेक मोफत नकाशांच्या समोच्च रेषा फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवरून आखल्या आहेत. त्या मोजणीत सुमारे 30 मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा मिळतो. बारा मीटरांचा सरळसोट कातळटप्पा अशा नकाशात सहज हरवतो. नकाशा कितीही मोठा करून पाहिला तरी तो दिसणार नाही, कारण तो मुळात नोंदवलेलाच नाही. रेषा एकमेकींना खेटून आल्या की खाली कडा आहे असंच धरून चाला. आणि त्या विरळ असल्या, तरी पुढचं पाऊल डोळ्यांनी पाहूनच टाका.

गैरसमज 5 : कोणाचा तरी ट्रॅक मिळाला की वाट चुकायची भीती नाही.

वस्तुस्थिती : ट्रॅक म्हणजे एक माणूस एका दिवशी कुठून गेला याची नोंद. तो एप्रिलमध्ये कोरड्या ओढ्यातून गेला असेल. ऑगस्टमध्ये तोच ओढा फुगलेला असतो. त्याच्याकडे दोर असेल, किंवा तो स्वतःच वाट चुकून परत फिरला असेल. ट्रॅकवरून हे कळत नाही. नुसत्या ठिकाणाकडे रोखलेला बाण तर त्याहून फसवा, कारण तो सरळ रेषेतलं अंतर दाखवतो. कोकणकड्याच्या माथ्यावरून पायथ्याचं बेलपाडा गाव त्या रेषेत जवळच वाटतं. प्रत्यक्षात मध्ये कडा असतो आणि उतरायला नळीच्या वाटेसारखी अवघड वाट शोधावी लागते. भरवशाचा ट्रॅक आपला स्वतःचा. पायथ्याच्या गावातच नोंद सुरू करा, म्हणजे धुक्यात आल्या पावली परतता येतं.

गैरसमज 6 : आकडे सांगितले की मदत नेमकी पोहोचते.

वस्तुस्थिती : आकडे कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत, हेही सांगावं लागतं. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातला 19.3910 अंश हा अक्षांश घ्या. फोनवर तो घाईत ‘एकोणीस, एकोणचाळीस, दहा’ असा सांगितला आणि ऐकणाऱ्याने 19 अंश 39.10 मिनिटं असा लिहून घेतला, तर शोध सुमारे 29 किलोमीटर उत्तरेला सुरू होईल. कारण 19.3910 अंश म्हणजे 19 अंश 23.46 मिनिटं. म्हणून यंत्रावर कोणती पद्धत लावली आहे ते निघण्यापूर्वी पाहा. 112 वर बोलताना ‘अंश’, ‘दशांश चिन्ह’, ‘मिनिटं’ हे शब्द उच्चारा आणि समोरच्याकडून आकडे पुन्हा वदवून घ्या.

आकड्यांच्या जोडीला जागेचं नावही सांगा. शोधायला निघणाऱ्यांत बहुतेक वेळा पायथ्याची माणसं असतात आणि त्यांना डोंगर नावांनी ठाऊक असतो : ही खिंड, ती सोंड, अमक्याचं टाकं, तमक्याची नाळ. यातली बरीच नावं कुठल्याच नकाशात नाहीत. म्हणून चढाई सुरू करण्यापूर्वी गावात पाच मिनिटं थांबा, वाटेतल्या जागांची नावं विचारा आणि त्या त्या जागी पोहोचल्यावर यंत्रात खूण करून ठेवा. तुमच्या हातातल्या नकाशात जे कमी आहे, ते असं चालता चालता भरत जाईल.