गर्भारपणातली स्वादुपिंडाची गाठ
पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी बाळ पाहण्यासाठी असते. फार क्वचित एखादीच्या बाबतीत बाळ छान दिसते, पण जठरामागे, डावीकडे, द्रवाने भरलेली मोठी गाठही दिसते. उलट्या, पोट गच्च वाटणे, पाठ दुखणे ही तिची लक्षणे तोवर गर्भारपणाच्या खाती जमा झालेली असतात.

स्वादुपिंडाच्या अशा गाठींपैकी ‘म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम’ मला विलक्षण वाटते. ती जवळजवळ फक्त स्त्रियांनाच होते आणि बहुतेक वेळा स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटाकडे असते. तिच्या भिंतीत चक्क बीजांडकोशासारखी ऊती सापडते! स्वादुपिंडात ही ऊती कुठून आली? एक तर्क असा, की ती स्त्री स्वतः आईच्या गर्भात असताना, सुरुवातीच्या आठवड्यांत डाव्या बीजांडकोशाचा अंकुर स्वादुपिंडाच्या अगदी शेजारी असतो आणि त्यातल्या काही पेशी तिथेच राहून जातात. या ऊतीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ओळखणारे ग्राहक असतात. गर्भारपणात ही संप्रेरके वाढतात, तेव्हा गाठ झपाट्याने फुगू शकते. ती फुटल्याच्याही नोंदी आहेत.

मग कापायची कधी? गाठ लहान आणि निरुपद्रवी दिसत असेल तर लक्ष ठेवून बाळंतपणानंतर काढता येते. पण ती मोठी असेल, वाढत असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ हा सल्ला मायेचा असला तरी धोक्याचा आहे. अशा वेळी सहसा दुसरी तिमाही निवडतात. तोवर बाळाचे अवयव घडलेले असतात आणि गर्भाशयाने अजून सारे पोट व्यापलेले नसते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसल्याने गाठीचा नकाशाही आधी काढता येतो; गॅडोलिनियमचे इंजेक्शन मात्र टाळतात.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर गर्भवतीला किंचित डावीकडे कलवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महाशिरेवर पडत नाही. स्वादुपिंडाचे शेपूट गाठीसह काढतात. प्लीहेच्या रक्तवाहिन्या तिथूनच जातात, त्यामुळे कधी प्लीहाही काढावी लागते. मग न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी आवश्यक ठरतात. कापलेल्या टोकातून पाचकरस झिरपण्याची भीती काही दिवस राहते. बाळाचे ठोके शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासले जातात.

काढलेल्या गाठीचा कोपरा न् कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, कारण कर्करोग एखाद्याच ठिकाणी दडलेला असू शकतो. तो आसपास पसरू लागलेला नसेल, तर गाठ पूर्ण काढणे हाच संपूर्ण उपचार ठरतो.