विश्लेषण : बातमी खोटी नसतानाही एकतर्फी कशी होते?

३१ ऑगस्ट २०२० रोजी केंद्र सरकारने एप्रिल ते जून या तिमाहीचे आकडे जाहीर केले. देशाचा जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरला होता. ७ सप्टेंबरला करोना रुग्णसंख्येत भारताने ब्राझीलला मागे टाकले आणि जगात दुसरा क्रमांक गाठला. ८ सप्टेंबरला केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाने (एनसीबी) अभिनेत्री रिया चक्रवर्तीला अटक केली. या तिन्हींपैकी कोणती बातमी वृत्तवाहिन्यांवर दिवसदिवस चालली, हे लॉकडाऊनमध्ये टीव्हीसमोर बसलेल्या कुणालाही आठवत असेल.

तिन्ही बातम्या खऱ्या होत्या. माध्यमांचा पक्षपात म्हटले की फेक न्यूज किंवा एखाद्या पक्षाची तळी उचलणारा अँकर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात पक्षपात त्याच्या बराच आधी सुरू होतो. कोणत्या बातमीला किती वेळ द्यायचा आणि ती कोणत्या शब्दांत सांगायची, इथेच कल ठरतो.

नेमके काय घडले होते?

अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा १४ जून २०२० रोजी मुंबईत मृत्यू झाला. ‘एम. एस. धोनी’ चित्रपटात त्याने क्रिकेटपटूची भूमिका केली होती, म्हणून एका वाहिनीने त्याच्या मृत्यूच्या बातमीला ‘हिट विकेट’ असे शीर्षक दिले. जुलैअखेर पाटण्यात गुन्हा दाखल झाला आणि १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. तोवर स्टुडिओतला खटला उभा राहिला होता. खासगी व्हॉट्सअ‍ॅप चॅट पडद्यावर झळकले, बंगाली स्त्रिया आणि काळी जादू यांवरही चर्चा रंगल्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘एम्स’च्या वैद्यकीय पथकाने खुनाची शक्यता फेटाळली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने रियाला जामीन दिला. मार्च २०२५ मध्ये, म्हणजे पावणेपाच वर्षांनी, सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला.

‘अडचणीत वाढ’ म्हणजे काय?

‘अमुक व्यक्तीला चौकशीसाठी बोलावले’ ही माहिती झाली. ‘अमुकच्या अडचणीत वाढ’ हे मत झाले. चौकशीला साक्षीदारालाही बोलावतात, पण मोबाइलवर फक्त शीर्षक वाचून पुढे सरकणाऱ्याच्या मनात ती व्यक्ती आरोपी होऊन बसते. ‘चौकशीचा ससेमिरा’, ‘मोठा गौप्यस्फोट’, ‘धक्कादायक माहिती उघड’ हे याच कुळातले शब्दप्रयोग. ‘उघड’ म्हटले की गोष्ट सिद्ध झाल्यासारखी वाटते. अनेकदा तो नुसता कुणाचा तरी आरोप असतो.

‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हा सर्वांत सोयीचा. सूत्रांचे नाव लपवणे कधी कधी आवश्यकच असते, पण ते सूत्र तपास यंत्रणेतले आहे, आरोपीच्या वकिलाकडचे की विरोधी गटातले, एवढे तरी वाचकाला कळायला हवे. माहिती फोडणाऱ्याचा स्वतःचा हेतू असतोच.

रोजचे छोटे वादही असेच तयार होतात. कुणीतरी काहीतरी बोलते. त्यातले दहा सेकंद कापून फिरतात. त्याखालच्या पाच-सहा कमेंट उचलून ‘नेटकरी संतापले’ अशी बातमी होते. मग एखाद्या नेत्याला प्रतिक्रिया विचारली जाते आणि ‘वादाला नवे वळण’ मिळते. मूळ वाक्य पूर्ण ऐकलेले लोक मोजकेच, मत मात्र प्रत्येकाचे तयार. (मराठी संकेतस्थळेही यात मागे नाहीत.)

टीआरपीचा यात काय संबंध?

देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २० कोटी. त्यातल्या जेमतेम ४४ हजार घरांत ‘बार्क’ या संस्थेची मीटर होती. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखते आणि घरातला कोण पाहतो आहे, हे रिमोटच्या बटणावरून नोंदवते. म्हणजे एक घर साधारण साडेचार हजार घरांच्या वतीने बोलत होते.

नमुना लहान असणे हा दोष नव्हे, मतदानपूर्व चाचण्याही अशाच होतात. अडचण येते ती प्रेक्षक कमी असलेल्या गटांत. इंग्रजी वृत्तवाहिन्या पाहणारी मीटरवाली घरे इतकी थोडी की काही घरांनी चॅनल बदलले तरी क्रमवारी हलते, आणि त्या क्रमवारीवर जाहिरातींचा दर ठरतो. आकडे येत दर आठवड्याला. त्यामुळे प्रेक्षक खिळवून ठेवणारी गोष्ट पुढच्या आठवड्यातही ताणली जाणार, हे उघड आहे. जीडीपीच्या आकड्यात ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता कुठून आणायची?

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काही घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल सुरू ठेवायला सांगितल्याचा आरोप केला. तो खटला मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने पुढे घेतला. मात्र ‘बार्क’ने तेव्हा वृत्तवाहिन्यांची आकडेवारी थांबवली आणि ती मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली, तीही चार आठवड्यांच्या सरासरीने. एका आठवड्याच्या सनसनाटीचा लाभ त्यामुळे काहीसा कमी होतो.

न्यायालय काय म्हणाले?

निवृत्त पोलीस अधिकारी आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. तपास सुरू असताना साक्षीदारांच्या व कुटुंबीयांच्या मुलाखती घेणे, घटनेचे नाट्यरूपांतर दाखवणे, दोषी कोण ते ठरवून टाकणे आणि आत्महत्या केलेल्या व्यक्तीला कमकुवत मनाची ठरवणे टाळावे, असे त्यात सांगितले आहे. रिपब्लिक आणि टाइम्स नाऊचे काही वृत्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक असल्याचे न्यायालयाने नोंदवले, पण कारवाई केली नाही. कुणाला अटक करावी हे प्रेक्षकांना विचारणे ही शोधपत्रकारिता आहे का, असा प्रश्न खंडपीठाने सुनावणीतच विचारला होता.

वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने ‘आज तक’ला एक लाख रुपये दंड केला होता, सुशांतचे म्हणून बनावट ट्वीट दाखवल्याबद्दल. इतर काही वाहिन्यांना माफी मागायला सांगितले. रिपब्लिक त्या वेळी या संघटनेची सदस्यच नव्हती, त्यामुळे तिला हे नियम लागू होत नव्हते.

उच्च न्यायालयाच्या निकालातील स्वनियमनाविषयीच्या शेऱ्यांविरुद्ध ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२३ मधील सुनावणीत तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तिलाच उलट विचारले, की कमाल एक लाखाच्या दंडाचा वाहिन्यांवर परिणाम तरी काय होतो? त्या कार्यक्रमातून होणाऱ्या कमाईच्या प्रमाणात दंड असायला नको का? ही एक लाखाची मर्यादा २००८ पासूनची होती.