धीर सोडू नका, गप्प बसू नका

उज्जैन भागातील काळ्या जमिनीत सोयाबीन पावसाळ्याच्या आरंभी पेरतात व सप्टेंबर-ऑक्टोबरात कापतात. नेमका त्याच वेळी पाऊस कोसळला, तर शेतात पसरलेले पीक भिजते, दाणे काळे पडतात आणि सगळ्या हंगामाची मेहनत डोळ्यांदेखत जाते. घरधनी मग गप्प होतो. घरच्यांना काळजी नको, म्हणून कर्जाचा आकडा मनातच ठेवतो. धीर खचू लागतो तो येथेच, असे आम्हांला वाटते.

धीर म्हणजे दुःख लपविणे नव्हे; आजचे काम आज करणे होय. पहिले काम, घरातील सर्वांना एकत्र बसवून खरे ते सांगावे. दुसरे, पीकविमा उतरविला असेल तर नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत १४४४७ या क्रमांकावर द्यावी. कापून शेतात वाळत घातलेल्या पिकालाही कापणीनंतर १४ दिवसांपर्यंत अवकाळी पावसापासून विम्याचे संरक्षण असते. तिसरे, बियाण्यासाठी राखलेल्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावेत. निदान ७० उगवले तरच ते बी पेरावे.

झोप उडाली, अन्न गोड लागेना, तर तेही दुखणेच समजावे. त्यात लाज कसली? जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशकांचे डबे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी आणि २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ क्रमांकावर लगेच बोलावे. तेथे रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

आणि शेजाऱ्याचे पीक गेले असेल, तर त्याने हाक मारण्याची वाट न पाहता आपणच त्याच्या दारी जावे.