सवलत आली, सॉकेट राहिलं

२६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेच्या टॅक्स्या रस्त्यावर आल्या. गडकरी आणि फडणवीस दोघेही त्या सोहळ्याला होते. प्रकल्प ओला आणि महिंद्राचा, दोनशे वाहनांचा. वर्ष सरायच्या आतच बातम्या येऊ लागल्या की चार्जिंगला रांगा लागतात, धंद्याचे तास रांगेत जातात आणि चालक गाड्या परत करायचं म्हणताहेत. त्या टॅक्सीवाल्यांना रात्री घराशी गाडी लावून चार्ज करता आली असती, तर दिवसाची रांग कितीतरी तुटली असती. नंतरच्या वर्षांत स्वस्त विजेरी गाडीचं जे काही झालं, त्याची किल्ली मला त्या रांगेत दिसते.

त्यानंतर सरकारने हात सैल सोडला, पण गाडीच्या किमतीवर. १ एप्रिल २०१९ पासून दहा हजार कोटींची ‘फेम’ योजना दुसऱ्या टप्प्यात गेली. तिच्यात मोटारीला अनुदान होतं ते भाड्याने चालणाऱ्या. घरच्या वापरासाठी गाडी घेणाऱ्याला केंद्राकडून थेट पैसा मिळाला नाही. त्याला मिळाली करातली सूट. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला आणि कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची वजावट आयकरात मिळू लागली. घोषणा मोठ्या होत्या, पण पगारदार माणसाने घ्यावी अशी गाडी तेव्हा बाजारात जवळजवळ नव्हतीच. बंगळुरूची रेवा २००१ पासून होती, पुढे महिंद्राची ईटूओ आली. दोन्ही गाड्या हौशी माणसांच्या दारातच राहिल्या.

२८ जानेवारी २०२० रोजी टाटांची नेक्सॉन आली, एक्स-शोरूम १३ लाख ९९ हजारांपासून. त्याच वर्षी ती महिन्याच्या भाड्यानेही मिळू लागली. मुंबई-पुण्यासह पाच शहरांत महिना ४१,९०० रुपयांपासून. ज्या घरात महिन्याला तेवढा पगार येतो, त्या घराचा या आकड्याशी काय संबंध!

जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राचं विजेच्या वाहनांचं नवं धोरण आलं. बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे पाच हजार, जास्तीत जास्त दीड लाख, तेही पहिल्या दहा हजार मोटारींना. शिवाय लवकर घेणाऱ्यांना आणखी एक लाखापर्यंत. रोड टॅक्स माफ. नेक्सॉन घेणाऱ्याचे सरळ अडीच लाख वाचत होते. लवकर घेणाऱ्यांची सवलत ३१ मार्च २०२२ ला संपली आणि खऱ्या अर्थाने स्वस्त म्हणावी अशी टियागो २८ सप्टेंबर २०२२ ला जाहीर झाली, सुरुवातीच्या ८ लाख ४९ हजारांत. मध्ये सहा महिने गेले. २०२३ च्या सुरुवातीला टियागो लोकांच्या हाती पडू लागली आणि व्याजाची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. म्हणजे चौदा लाखांची गाडी परवडणाऱ्याला मदत भरभरून मिळाली. साडेआठ लाखांसाठी बँकेत कागद घेऊन उभ्या राहिलेल्याच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, गाड्यांची संख्या वाढल्याशिवाय किंमत उतरत नाही हेही खरं. पण सवलतीचा क्रम उलटा लागला.

आम्ही टियागो घेतली ती त्याच मार्चमध्ये, २४ युनिटांच्या बॅटरीची. कर्ज शेवटच्या आठवड्यात मंजूर झालं. हिरव्या नंबरप्लेटची गाडी खाली उभी राहिली आणि तिला वीज द्यायला सोसायटीत सात महिने लागले. पार्किंग आमच्या नावावर होतं, आमच्या मीटरपासून स्वतःच्या खर्चाने केबल ओढायची तयारी होती. तरी कमिटीच्या प्रत्येक बैठकीत नवा प्रश्न निघायचा. आग लागली तर? इमारतीचा लोड पुरेल का? उद्या दहा जणांनी मागितलं तर? हे प्रश्न खोटे नव्हते, म्हणून मला कुणाचा राग येत नाही. उत्तर शोधायची जबाबदारी कुणाची हेच ठरलेलं नव्हतं. तोवर दर तिसऱ्या दिवशी मी मेव्हण्यांच्या बंगल्यावर जाऊन गाडी लावायचो. त्यांच्या पोर्चमध्ये पंधरा अँपिअरचा पॉइंट आधीपासून होता.

शेवटी वायरमनने मीटर रूमपासून जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि स्वतंत्र अर्थिंग केलं. अर्थिंग नीट नसेल तर गाडीबरोबर आलेला चार्जर लाल दिवा दाखवतो आणि वीजच घेत नाही, हे त्या दिवशी कळलं. रात्री दहाला प्लग लावला की सकाळी गाडी भरलेली.

हिशेब सांगतो. भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला शहरात साधारण सात किलोमीटर पडतात. युनिट बारा रुपयांना धरलं तरी किलोमीटरला पावणेदोन रुपये होतात. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला सहाच्या आसपास लागायचे. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास बचत. एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. गाडीची १४० युनिटं घरच्या मीटरवर चढतात आणि १८० युनिटांचं घर महावितरणची तीनशे युनिटांची रेषा ओलांडतं. वरची युनिटं महाग पडतात. म्हणून मी युनिटचा भाव चढा धरला. छप्पर स्वतःचं असेल त्यांना पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटच्या पॅनलवर ७८ हजारांचं अनुदान मिळतं. इथेही फायदा बंगल्यालाच सोपा.

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर बॅटरी भाड्याने देऊन ९ लाख ९९ हजारांत आली, बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. कॉमेट तशीच ४ लाख ९९ हजार आणि अडीच रुपयांत. हप्ता हलका होतो खरा. पण भाड्यात वीज मिळवली की विंडसर जवळजवळ पेट्रोलच्या खर्चाला जाऊन भिडते. ज्याचं रोजचं अंतर मोठं आहे, त्याने बॅटरी विकतच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी जाहीर केली. अटल सेतूवर ती ऑगस्टपासून लागूही झाली. पुढच्याच महिन्यात छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर उतरला, म्हणजे किमतीतली दरी पुन्हा रुंदावली. अशा वेळी विजेच्या गाडीला खरा आधार उरतो तो घरच्या स्वस्त चार्जिंगचाच.

सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. आपल्या सोसायटीच्या विषयपत्रिकेवर या वेळी एक विषय घाला: संपूर्ण इमारतीचा लोड तपासून घेणे, गरज असल्यास वाढवून मागणे आणि प्रत्येक पार्किंगपर्यंत वायर नेण्याचा एकच मार्ग ठरवणे. आज तुमच्याकडे विजेची गाडी नसली तरी हा विषय मांडा. पहिला अर्ज येईल तेव्हा त्या घराला सात महिने थांबावं लागू नये.