नखाएवढ्या जागेवर अकरा टन

कर्जतहून भोर घाट चढणाऱ्या भरलेल्या मालगाडीचं एकेक चाक रुळावर सुमारे ११ टन भार टाकतं. चढण १:३७ ची, म्हणून मागून ढकलायलाही इंजिनं जोडतात. हा सगळा भार पेलते ती चाक आणि रूळ टेकतात तेवढी नखाएवढी जागा, जेमतेम चौरस सेंटिमीटरभर. साध्या ताणचाचणीत रुळाचं पोलाद ज्या ताणाला कायमचं लांबतं, त्याच्या दुपटीच्या घरातला दाब तिथे असतो. तरी रूळ चेपून पसरत नाही.

एक कारण असं, की दाबाखालच्या धातूला चहूबाजूंनी धातूनंच कोंडलेलं असतं. वाहायला त्याला वाट नसते. दुसरं कारण मला अधिक विलक्षण वाटतं. नव्या रुळावरून पहिली चाकं जातात तेव्हा पृष्ठाखालचा थर थोडा दबतोच. तो पसरू पाहतो, भोवतालचा धातू त्याला आवळून धरतो, आणि गाडी गेल्यावरही तो दाब आत मुरून राहतो. पुढच्या चाकाच्या भाराला हाच दाब तोलून धरतो. मग तितक्याच भाराखाली रूळ वाकून पुन्हा जसाच्या तसा होतो. अभियंते याला शेकडाउन म्हणतात. घरंगळणाऱ्या चाकांना ते लागू करण्याचं काम केंब्रिजच्या केनेथ जॉन्सन यांनी केलं.

पण या सोसण्याला मर्यादा आहे. वळणावर, चढणीवर घर्षण वाढलं की सर्वाधिक ताण पृष्ठावर येतो. तिथे प्रत्येक चाक धातूला एकाच दिशेनं किंचित सरकवतं. पोलादातले मऊ-कठीण पापुद्रे त्या दिशेला झुकतात, दाटतात, कडक होतात. सरकण्याची ताकद संपली की बारीक भेगा पडतात. भेगेत पाणी कोंडलं तर ती वेगानं वाढते. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधल्या हॅटफिल्डजवळ अशाच भेगांनी पोखरलेला रूळ धावत्या गाडीखाली शेकडो तुकडे होऊन फुटला. चार माणसं गेली.

म्हणून थोडी झीज रुळाला हितकारकच असते, कारण कोवळ्या भेगा तिच्यात पुसल्या जातात. पोलाद जितकं कठीण, तितकी झीज कमी आणि भेगा टिकण्याची भीती जास्त. मग सहाणेच्या चाकांची गाडी आणून रुळाचा वरचा पातळ थर मुद्दाम घासून काढावा लागतो. चाकांनाही लेथवर चढवून पुन्हा आकार द्यावा लागतो, कारण खोलगट झिजलेलं चाक रुळावर भलत्याच ठिकाणी टेकतं आणि चांगल्या रुळालाही भेगा पाडतं.