त्यांच्या लग्नात आपला डीजे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या संगमनेरमध्ये भिशीला एकच विषय निघतो. "या वर्षी काजव्यांना जायचं का गं?" शाळा अजून उघडायच्या असतात, पाऊस लागलेला नसतो, शनिवार-रविवार मोकळा असतो. मग दोन गाड्या ठरतात, कोणी काय डबा आणायचा ते ठरतं, आणि अकोले, राजूर करत मंडळी भंडारदऱ्याच्या वाटेला लागतात. पुण्याहून आणि घोटीमार्गे मुंबईहून येणाऱ्यांची तर गणतीच नाही. शनिवारी रात्री धरणाजवळ गाड्यांची जी रांग लागते, ती पाहून यात्राच भरली की काय असं वाटतं.

जायला माझी अजिबात ना नाही. आयुष्यात एकदा तरी पाहावं असंच ते आहे. पण बचत गटांच्या कामानिमित्त त्या बाजूच्या गावांत माझं गेली काही वर्षं जाणं-येणं आहे. जूनमधल्या एखाद्या रविवारी सकाळी तिथं पोचलं की आदल्या रात्री काय झालं ते विचारावं लागत नाही. झाडांखाली कागदी प्लेटांचा खच, बाटल्या, शेकोटीची राख, आणि बांध ओलांडून थेट शेतात उतरलेल्या टायरच्या खुणा. पेरणीसाठी भाजून, नीट करून ठेवलेली ती जमीन असते हो!

हे वाचून कोणी म्हणेल, कचरा काय सगळीकडेच होतो. खरं आहे. पण इथलं दुखणं कचऱ्याच्या पलीकडचं आहे. ते समजायला आधी काजवा समजून घ्यायला हवा.

काजवा भुंगेऱ्यांच्या कुळातला. झाडावर लुकलुकताना आपल्याला दिसतो तो त्याच्या आयुष्याचा अगदी शेवटचा भाग. त्याआधी कित्येक महिने तो अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात काढतो, गोगलगायी आणि गांडुळं खाऊन वाढतो. वळवाचे दोन-चार शिंतोडे पडले, हवेत ओल आली, की पंख फुटून बाहेर येतो. मग हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. अनेक जातींचे काजवे तर या दिवसांत खाणंही जवळपास सोडतात. काम एकच राहिलेलं असतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं.

आणि हा शोध चालतो उजेडाच्या भाषेत. पोटाच्या टोकाशी काही रसायनांची प्राणवायूशी गाठ पडते आणि उजेड होतो. हाताला अगदी गार लागतो हा दिवा! प्रत्येक जातीचा लुकलुकण्याचा ताल वेगळा. नर आपल्या तालात खूण करतो. अनेक जातींत मादी खाली गवतात नाहीतर झुडपात बसलेली असते. ती ठरावीक अंतरानं उत्तर देते. ताल जुळला तर तो खाली उतरतो, नाहीतर पुढं जातो. पत्रिका जुळणं म्हणतात ते हेच की. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारोंनी नर बसतात, आणि अख्खं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं, तेव्हा अंगावर काटा येतो. आपण ज्याला रोषणाई म्हणतो, ती खरं तर मुलीला मागणी घालायला आलेल्या मुलांची गर्दी आहे!

आता या बोलण्यात गाडीचा हेडलाइट शिरला तर? नराला मादीचं उत्तर दिसत नाही, मादीला नराची खूण दिसत नाही. पुष्कळ काजवे तर उजेड पडला की लुकलुकणंच थांबवतात. आपल्याला वाटतं, "जाऊ दे, पुढच्या झाडाकडे चला." पण ज्याच्याजवळ मोजून पंधरा-वीस रात्री आहेत, त्याचे शनिवार-रविवार असे गेले तर राहिलं काय? तंबूवाल्यांचे रात्रभर जळणारे दिवे तर त्याहून वाईट, कारण गाडी निघून तरी जाते. ज्या गवतावर आपण सतरंजी अंथरतो, तंबूच्या खुंट्या ठोकतो, त्याच गवतात मादी असते, त्याच मातीत अंडी जातात आणि पुढच्या वर्षीच्या अळ्या वाढतात. डास नकोत म्हणून आजूबाजूला फवारा मारणारेही मी पाहिले आहेत. जो फवारा डासाला मारतो तो काजव्याला ओवाळणार आहे का?

गंमत म्हणजे हे करणारी माणसं काही दुष्ट नसतात. लेकराला खांद्यावर घेऊन आलेला बाप असतो, नवी नवरी असते. चूक कुठं होते, तर ती घरूनच ठरवून आलेली असतात की आपण 'शो' बघायला चाललोय. त्यात मोबाईलवर फिरणारे फोटो. रानभर सोन्याचा सडा पडलाय असं त्यात दिसतं. यातले बरेचसे फोटो म्हणजे कॅमेरा एका जागी ठेवून काढलेली कित्येक छायाचित्रं एकावर एक चढवलेली असतात. अर्ध्या-एक तासाचे सगळे ठिपके एकाच चित्रात. डोळ्यांना तसं कधीच दिसत नाही. मग माणसं हिरमुसतात. "एवढंच?" म्हणतात, आणि कंटाळून टॉर्च काढतात, गाणी लावतात, शेकोटी पेटवतात. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा धीर कोणाला?

आणि 'काजवा महोत्सव' हे नाव तरी कशाला? महोत्सव म्हटलं की मांडव आला, स्पीकर आला. एका रात्री मी स्वतः ऐकलं, जांभळीच्या झाडाखाली उघड्या जीपमधून गाणं वाजतंय आणि चार तरुण नाचताहेत. वर काजव्यांचं लग्न, खाली यांची वरात.

गावातल्या बायकांना विचारलं तर त्या काजव्यांचं नाव नंतर काढतात. एका मावशींचं घर तंबूच्या मैदानाला लागून आहे. त्या म्हणाल्या, "ताई, त्या दिवसांत आमच्या पोरी अंधार पडल्यावर घराबाहेर पाय टाकत नाहीत. परसाकडं जायचं तरी दोघी-तिघी मिळून जातो. कोण कुठं पिऊन पडलंय, काय सांगावं?" रानात जन्मलेल्या, बिबट्याच्या वाटेवरून पाण्याला जाणाऱ्या या बायका. त्यांना भीती वाटते ती पाहुण्यांची.

पण याच मावशी त्या तीन आठवड्यांत रोज शंभरावर भाकरी थापतात. नागलीची भाकरी, पिठलं, गावठी कोंबडी, सोबत ठेचा. पावसाळ्याआधी हातात रोख पैसा येतो तो एवढाच. त्यातून बियाणं, मुलांच्या वह्या, दवाखाना. "लोक येऊच नका असं आम्ही कसं म्हणणार?" हा त्यांचा प्रश्न मला खोडता आलेला नाही. शहरात बसून "पर्यटन बंद करा" म्हणणं सोपं आहे, त्यांच्या चुलीपुढं बसून म्हणून बघावं. आणि काजवेच आले नाहीत तर पाहुणे तरी कशाला येतील, हेही त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

कायदा आहे का? आहे. तिथला बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, जे १९८६ मध्ये जाहीर झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणं, कचरा टाकणं, रानाला धोका होईल अशी आग पेटवणं, सगळ्याला मनाई आहे. वनखातं या दिवसांत निर्बंधही घालतं. पण कर्मचारी मोजके, वाटा अनेक, आणि अडवलं की "आमची कोणाशी ओळख आहे माहितीये का?" हे ठरलेलं.

अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथंही असे एकसाथ लुकलुकणारे काजवे आहेत. तिथं त्या दिवसांत जायचं तर लॉटरीत नंबर लागावा लागतो, आणि टॉर्चला लाल कागद लावा असं बजावलेलं असतं. आपल्याकडे लॉटरी कधी येईल तेव्हा येवो, लाल जिलेटिन पेपर तर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो. दोन पदर करून रबरानं बांधला की झालं. लाल उजेड काजव्यांना कमी जाचतो. तरी तो पायाखालीच धरायचा, झाडावर नाही. अमावस्येच्या आसपास, मधल्या वारी जमलं तर उत्तम. उजेड असतानाच पोचून गाडी गावात लावायची आणि पायवाट न सोडता चालत जायचं. मुलांना बाटलीत काजवे भरायला देऊ नका. आमच्या लहानपणी आम्ही भरायचो, तेव्हा ते परसातल्या कुंपणावरही असायचे. आता गावाबाहेरही दिसत नाहीत. आणि सोबतच्या पुरुषमंडळींच्या 'बैठकी'चं सामान गाडीत चढतंय का, यावर लक्ष ठेवा. डबे आपण भरतो, तर तेही आपल्याला दिसतंच.

गेल्या मे महिन्यात त्या गावातल्या गटाच्या बैठकीत यावर चांगलंच वाजलं. एक तरुण सूनबाई म्हणाली, नियम लावू, दिवे बंद, गाणी बंद. दुसरी म्हणाली, मग गिऱ्हाईक शेजारच्या तंबूत जाईल, तुझ्या नियमाला कोण विचारतो? तास-दीड तास चाललं. शेवटी ठरलं की जेवण अंधार पडायच्या आतच वाढायचं, आठ ते दहा घरापुढचा दिवा मालवायचा, आणि मंदिराच्या पुढं गाडी न्यायची नाही, गटातलीच एखादी बाई चालत घेऊन जाईल, माणशी वीस रुपये. पहिल्याच शनिवारी एक कुटुंब भांडून, भाकरी अर्धवट टाकून, पैसे न देता निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक झाली. नियम तसेच ठेवले. फक्त जेवणाचे पैसे आधी घ्यायचे, एवढी भर पडली.